चौकातला डिजिटल वाचायला तीनच सेकंद मिळतात

प्रश्न: आमचे महिला बचत गट आणि काही मागवाले (चादरी-टॉवेल विणणारे) मिळून दरवर्षी दिवाळीच्या आधी तीन दिवसांचं प्रदर्शन भरवतो. सोलापुरात रंगभवन चौकाजवळ हॉल घेतो. चादरी, टॉवेल, वॉल हँगिंग, शेंगा चटणी, कडक भाकरी, फराळ असे तीसेक स्टॉल असतात. माल चांगला असतो, पण येणारे बहुतेक ओळखीचेच. मागच्या वर्षी चौकाचौकात चाळीस डिजिटल (फ्लेक्सचे छापील फलक) लावले, पत्रकं वाटली, व्हॉट्सॲपवर टाकलं. यंदा प्रचारासाठी साठ हजार काढले आहेत आणि सगळं प्रोफेशनल करून घ्यायचं ठरलं आहे. कोणाकडून काय करून घ्यायचं आणि पैसे कशावर घालायचे? सोबत मागच्या वर्षीच्या डिजिटलचा फोटो आणि पत्रक जोडलं आहे.

उत्तर:

ताई, फोटो नीट पाहिला. वर मधोमध देवी, तिच्याखाली उद्घाटक आणि प्रमुख पाहुणे, दोन्ही कडांना समितीच्या सदस्यांचे पासपोर्ट फोटो. मध्ये सोनेरी अक्षरांत ‘भव्य प्रदर्शन व विक्री’. तळाला बारीक अक्षरांत तारीख, वेळ, पत्ता आणि तीन मोबाइल नंबर. एवढ्या मोठ्या फलकावर चादरीचा एकही फोटो नाही. टॉवेलचा नाही, चटणीचाही नाही. त्यामुळे नुसता डिझाइनर बदलून किंवा छपाई महाग करून यंदा फरक पडेल असं मला वाटत नाही. हा डिजिटल गिऱ्हाइकासाठी केलेलाच नव्हता. तो समितीसाठी केला होता, समितीनं तो पाहिला, आपापले फोटो शोधले, विषय संपला.

आपल्या गावात हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणाला त्यात वावगंही वाटत नाही. जयंती, वाढदिवस, निवड, अभिनंदन, हार्दिक स्वागत. बारा महिने चौक चेहऱ्यांनी भरलेले. परिणाम असा की चेहऱ्यांची रांग दिसली की सोलापूरकर ‘असेल कुणाचा तरी वाढदिवस’ असं धरून चालतो आणि पुढे जातो. तुमचं प्रदर्शन त्याच ढिगात गेलं.

म्हणून पहिलं काम डिझाइनरकडे जायच्या आधीचं आहे आणि ते बैठकीत करायचं आहे. प्रचाराचं साहित्य दोन वेगळ्या गठ्ठ्यांत विभागा. एक मान देणारं, दुसरं माणूस आणणारं. उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका, स्टेजमागचा बॅकड्रॉप, सत्काराची पाटी हे मानाचं. तिथं सगळी नावं घाला, पदं घाला, फोटो घाला, क्रम चुकवू नका. चौकातला डिजिटल, पोस्टर, पत्रक, मोबाइलवरचं चित्र, रिक्षामागचा फलक हे माणूस आणणारं. तिथं एकही चेहरा नको, अध्यक्षांचाही नको. हे पटवायला तुम्हाला डिझाइनपेक्षा जास्त वेळ लागेल, याची कल्पना आहे मला. पण पत्रिका आधी छापून हातात द्या, तिच्यावर नाव नीट दिसलं की डिजिटलवरचा आग्रह बराच निवतो.

आता डिजिटलचा हिशोब बघा. दुचाकीवाला ताशी 40 किलोमीटरनं चालला असेल तर सेकंदाला 11 मीटर, म्हणजे 36 फूट जातो. फलक त्याला शंभर फुटांवरून दिसायला लागला तर वाचायला जेमतेम तीन सेकंद. त्यात त्याला रस्ता बघायचाय, सिग्नल बघायचाय, पुढची रिक्षा चुकवायचीय. तीन सेकंदांत एक चित्र आणि दोन-तीन छोट्या ओळी जातात, त्यापलीकडे नाही. अक्षराच्या उंचीचा ठोकताळा असा: आरामात वाचायचं तर दर दहा फुटांना एक इंच. शंभर फुटांवरून वाचायचं तर अक्षर शिरोरेषेपासून खाली दहा इंच हवं. आपल्या लिपीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे दहा इंचांच्या अक्षराची ओळ पंधरा-सोळा इंच खाते. दहा बाय आठ फुटांच्या डिजिटलवर चित्रासाठी अर्धी जागा सोडली तर अशा तीन ओळी बसतात. तुमच्या मागच्या फलकावर मी सतरा मोजल्या.

तीन ओळींत काय लिहायचं? तुमच्या पत्रकाची सुरुवात अशी होती: ‘सोलापूर शहर व परिसरातील तमाम माता-भगिनींना कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, सालाबादप्रमाणे यंदाही...’ हे वाचून होईपर्यंत माणूस दोन चौक पुढे गेलेला असतो. त्याऐवजी असं काही:

मागावरची चादर, थेट विणणाऱ्याकडून
शुक्र-शनि-रवि, सकाळी 10 ते रात्री 9
रंगभवन चौकाजवळ, प्रवेश मोफत

बस. तारखेचा आकडा वाराच्या शेजारी घाला, पण मोठा ठेवा तो वार. माणूस बेत वारावर ठरवतो. ‘भव्य’, ‘दिव्य’, ‘न भूतो’ काढून टाका, हे शब्द आता कुणाला ऐकूच येत नाहीत. पत्त्यातही सर्व्हे नंबर, सोसायटीचं पूर्ण नाव असलं काही नको, आपण सगळे चौकावरूनच पत्ते सांगतो. आणि मोबाइल नंबर एकच. तीन नंबर दिले की तिघांनाही वाटतं दुसरा उचलेल.

फटाके, दिवे, तोरण, पणत्या यांची फुकट मिळणारी चित्रं घालायचा मोह आवरा. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात सराफापासून शोरूमपर्यंत सगळ्यांच्या जाहिरातीत तीच पणती असते. तुमच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेली गोष्ट आहे, ती म्हणजे चादरीचं कापड. त्याचाच फोटो हवा, आणि साठ हजारांतला मोठा वाटा मी तिथे घालेन. एक चांगला फोटोग्राफर एका दिवसासाठी घ्या. लग्नाचे फोटो काढणारा चालेल, पण त्याला फ्लॅश घरी ठेवायला सांगा.

कापडाचा फोटो कसा बिघडतो ते सांगतो. चादर भिंतीला टांगतात, समोरून फ्लॅश मारतात, वीण सपाट होते आणि चादर छापील प्लास्टिकसारखी दिसते. उजेड बाजूनं आला पाहिजे. सकाळी लवकर किंवा चारनंतर खिडकीशेजारी बाज किंवा टेबल ठेवा, चादरीची घडी अशी टाका की कडा खिडकीकडे येईल. तिरपा उजेड जॅकार्डच्या, म्हणजे विणतानाच कापडात उठवलेल्या नक्षीवरून सरकतो तेव्हा प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि मोर, कमळ, वेलबुट्टी कापडातून वर उठून येते. टॉवेलचंही तसंच, त्याचे धाग्यांचे फासे बाजूच्या उजेडातच दिसतात. मग घडीवर एक हात ठेवायला सांगा. मागावर काम करणाऱ्या बाईचा किंवा दादांचा हात, बोटांना चिकटलेल्या सुतासकट, अंगठी-बिंगठी न घालता. हा फोटो जवळून, फ्रेम भरून घ्या. संपूर्ण चादर दिसायची गरज नाही. हाच तुमचा मुख्य फोटो, आणि तीनही दिवस, सगळ्या साहित्यावर, हाच राहील. डिजिटलवर एक चित्र, पत्रकावर दुसरं, मोबाइलवर तिसरं असं केलं की बघणाऱ्याला तीन वेगळे कार्यक्रम वाटतात. सातरस्त्याला जे दिसलं तेच संध्याकाळी मोबाइलवर दिसलं आणि सकाळी पेपरातून पडलं, तर तिसऱ्या वेळी तो थांबतो.

त्याच दिवशी तीसही स्टॉलच्या मालाचे एकेक फोटो काढून घ्या, त्याच खिडकीत, त्याच उजेडात. ते पुढे कामाला येतील. चटणीचा फोटो वाटीत नको, तव्याशेजारी किंवा कडक भाकरीच्या तुकड्यावर घ्या. चटणी वाटीत तपकिरी ठिपका दिसते.

एआयकडून चित्र करून घेऊ का, असं हल्ली प्रत्येक जण विचारतो. बाहेरगावच्या लोकांसाठी कदाचित चालेल. सोलापुरात नको. इथं घराघरात चादर ओळखणारा माणूस आहे आणि एआयची नक्षी कुठल्याच मागावर निघणारी नसते, ती बघताक्षणी कळते. शिवाय ते चित्रात मराठी लिहायला गेलं की जोडाक्षरांचे पुष्कळदा हाल करतं.

चादरीवरून आठवलं. ‘सोलापुरी चादर’ आणि ‘सोलापुरी टेरी टॉवेल’ या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकतात, अशी तक्रार आपणच करतो. मग आपल्या फलकावर ते शब्द घालताना कुठल्या स्टॉलवर कुठला माल आहे याची खात्री समितीनं आधी करून घ्यावी. एखाद्या स्टॉलवर बाहेरचा माल असेल तर त्याच्या पाटीवर तो शब्द नको.

आता छपाई. स्क्रीनवर दिसणारे रंग आणि कागदावर उतरणारे रंग एक नसतात. राणी कलर, पोपटी आणि मोरपिशी हे तिन्ही चार रंगांच्या छपाईत मळकट होतात, आणि आपल्या चादरींत नेमके तेच जास्त. त्यामुळे मुख्य फोटोसाठी मरून, निळी किंवा मोहरी रंगाची चादर निवडा. निळ्यात फार गडद नको, तो छापून आला की काळा वाटतो. प्रेसमध्ये प्रूफ (छपाईचा नमुना) बघायला जाताना ती चादर पिशवीत घालून न्या आणि प्रूफ तिच्याशेजारी धरून उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नाही. फोटो प्रेसला व्हॉट्सॲपवरून साधा पाठवू नका. बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण चार हजार पिक्सेल लांब असतो, तो बारा बाय अठरा इंचांच्या पोस्टरला व्यवस्थित पुरतो. व्हॉट्सॲपवरून साधा गेला की लांबी सोळाशेच्या आसपास उरते आणि पोस्टरवर हात धुरकट दिसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह घेऊन जा.

मजकुराचं दुखणं वेगळंच असतं. तुम्ही मॅटर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करणार. प्रेसमधला डीटीपीवाला अजून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीचे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरत असण्याची शक्यता मोठी. तो मॅटर कन्व्हर्ट करतो आणि नेमक्या काही जागा फुटतात: ‘दुसऱ्या’, ‘विणणाऱ्या’ मधला ऱ्य, ‘व्हॉट्सॲप’मधला ॲ, आणि कधी कधी आकडे. तुमच्या मुख्य ओळीतच ‘विणणाऱ्याकडून’ आहे, म्हणून प्रूफ वाचताना बोट ठेवून वाचा आणि मॅटर लिहिणाऱ्यानं वाचू नये, दुसऱ्यानं वाचावं. फॉन्टबाबतही डिझाइनरला एक सांगा: मराठी वळणाचा फॉन्ट घे. पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श येतात. आपल्याला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा. मुक्ता, बालू हे मोफत मिळणारे फॉन्ट स्वच्छ आहेत, पण सॉफ्टवेअरमध्ये ते मराठी वळण निवडावं लागतं, हे त्याला माहीत असेल असं धरू नका. अक्षरांना सोनेरी झळाळी, सावली, तिहेरी बॉर्डर काही नको. गडद पट्टीवर पांढरं किंवा पिवळ्यावर काळं, झालं.

पोस्टर बारा बाय अठराची, 170 जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आर्ट पेपरवर. शंभर-दोनशे नग हवे असतील तर डिजिटल प्रिंट, पत्रकं पाच-दहा हजार असतील तर ऑफसेट. ऑफसेटला प्लेटचा खर्च एकदाच लागतो, त्यामुळे जेवढी संख्या वाढेल तेवढं पत्रक स्वस्त पडतं. पत्रक ए-फोरच्या निम्म्या आकाराचं ठेवा, एक बाजू नुसता फोटो आणि तीन ओळी, मागे स्टॉलची यादी आणि साधा नकाशा. नकाशात डफरीन चौक, सातरस्ता, रंगभवन आणि गाडी लावायची जागा दाखवा. गाडी लावायची जागा नक्की दाखवा, सोलापुरात माणूस त्यावरूनही बेत रद्द करतो.

डिजिटल किती आणि कुठे? मागच्या वर्षी तुम्ही चाळीस लावलेत म्हणता. मी दहा-बारा लावीन. लोक चालत असतात किंवा सिग्नलला थांबतात अशाच जागा निवडा: नवी पेठ, टिळक चौक, एसटी स्टँडचा परिसर, जुळे सोलापुरात आसरा चौक, पूर्व भागात अशोक चौक आणि कन्ना चौक. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला हजारो लोक चालत जातात, तेव्हा तुळजापूर रोडला लावू या, असं समितीत कुणीतरी हमखास म्हणणार. नका लावू. चालणारा रात्री देवीच्या ओढीनं निघालेला असतो, त्याचं लक्ष पायाकडे असतं आणि त्या रस्त्यावर चहा-पाण्याच्या स्टॉलवाल्यांचे शेकडो फलक आधीच असतात. शिवाय चालणाऱ्यांतले पुष्कळ जण बाहेरगावचे, ते पंधरा दिवसांनी चादर घ्यायला परत येणार नाहीत.

परवानगीशिवाय एकही लावू नका. 1995 चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे, उच्च न्यायालयानं बेकायदा फलकांवरून महापालिकांना वारंवार फटकारलंय आणि 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेल्यापासून तर सगळीकडेच तपासणी कडक आहे. महापालिकेत अर्ज करा, पैसे भरा, परवानगीचा क्रमांक आणि मुदत फलकाच्या कोपऱ्यात छापून घ्या. बिनपरवान्याचा डिजिटल कधीही उतरवला जाऊ शकतो आणि तुमच्या तीन ओळी कचऱ्याच्या गाडीत जातात. शिवाय 1 जुलै 2022 पासून शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक-पीव्हीसी बॅनरला बंदी आहे. स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याला जाडी विचारा.

किंबहुना मी म्हणेन, दहापैकी चार फलक कापडाचेच करा. जाड सुती कापड आपल्याच मागावरचं, त्यावर स्क्रीन प्रिंटिंगनं दोन रंगांत मजकूर आणि हाताचं रेखाचित्र. फोटो त्यावर उतरणार नाही, पण चादरीच्या प्रदर्शनाला कापडाचा फलक शोभतो आणि प्लास्टिकच्या गर्दीत तो उठून दिसतो. सप्टेंबर हा आपल्याकडे सर्वात पावसाचा महिना, ऑक्टोबरातही परतीचा पाऊस झोडपतो, त्यामुळे पक्का रंग वापरायला सांगा आणि कापड चौकटीला चारही बाजूंनी ताणून बांधा. सैल कापड भिजलं की पिशवीसारखं लोंबतं.

पूर्व भागासाठी तेलुगूत वेगळं छापायचं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. तिथली विणणारी पुष्कळ घरं तेलुगू बोलतात. माझं मत असं की छापील तेलुगूपेक्षा बोललेली तेलुगू जास्त उपयोगी. तिथली तरुण मुलं मराठी शाळांत शिकलेली आहेत, ती मराठी वाचतात. जुन्या बायकांना तेलुगू बोलता येतं, वाचता येईलच असं नाही. म्हणून पूर्व भागात दोन दिवस स्पीकरची रिक्षा फिरवा, तुमच्यातल्याच एखाद्या ताईच्या आवाजात तेलुगूत वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग करून. पोलिसांची परवानगी काढा आणि शाळा-दवाखान्यांजवळ आवाज बंद. अक्कलकोट रोडच्या बाजूला तेच कन्नडमध्ये. रिक्षाच्या मागे फलक मात्र तोच, तोच हात, त्याच तीन ओळी. आणि दुसऱ्या लिपीत काहीही छापलंत तर ती लिपी रोज वाचणाऱ्याकडून तपासून घ्या, भाषांतराच्या ॲपवर सोडू नका.

स्थानिक दैनिकांना, संचार, सुराज्य किंवा मोठ्या पेपरांच्या सोलापूर आवृत्त्यांना, तीन-चार दिवस आधी बातमीचा मजकूर आणि तो मुख्य फोटो द्या. मजकूर युनिकोडमध्ये, पीडीएफ नको, म्हणजे उपसंपादकाला पुन्हा टाइप करावा लागत नाही. उद्घाटनाच्या फोटोपेक्षा मागावरच्या हाताचा फोटो छापून येण्याची शक्यता जास्त, आणि तो उद्घाटनाच्या आधी छापून येतो, ज्याचा उपयोग होतो. आकाशवाणी सोलापूरलाही कळवा.

आता मोबाइल. मला विचाराल तर तुमची अर्धी गर्दी इथून येईल, पण तुम्ही मागच्या वर्षी केलंत तसं करून नाही. मागच्या वर्षी तोच चेहऱ्यांचा डिजिटल जसाच्या तसा ग्रुपवर टाकला होता. आडवा फलक मोबाइलवर काडेपेटीएवढा दिसतो. मोबाइलसाठी उभी चित्रं वेगळी करून घ्या: ग्रुपसाठी 1080 बाय 1350, स्टेटससाठी 1080 बाय 1920. आणि इथं त्या तीस फोटोंचा उपयोग. डिझाइनरकडून एक साचा करून घ्या. खाली तारीख-पत्त्याची पट्टी कायम, वर फोटोची जागा मोकळी. त्यात प्रत्येक स्टॉलवाल्याचा स्वतःचा माल आणि स्वतःचं नाव घालून तीस वेगळी चित्रं तयार करा आणि ज्याची त्याला द्या. समितीचं चित्र पुढे ढकलायला कुणालाही कंटाळा येतो. स्वतःच्या चटणीचा, स्वतःच्या वॉल हँगिंगचा सुंदर फोटो माणूस आपणहून स्टेटसला ठेवतो, नणंदेला पाठवतो, शाळेच्या ग्रुपवर टाकतो. तीस स्टॉल म्हणजे तीस वेगळी नातीगोती, तीस वेगळ्या पेठा. तुमच्या ओळखीच्या बाहेरची गर्दी तिथूनच येणार आहे. यात चेहराही चालेल बरं का, स्टॉलवाल्या ताईंचा, त्यांच्या मालासकट.

ब्रॉडकास्ट लिस्टवर फार भरवसा ठेवू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो, शिवाय एका लिस्टमध्ये 256 जणच बसतात. म्हणजे पुन्हा ओळखीचेच. वेळेबद्दल इतकंच की सगळं एका दिवशी ओतू नका. दहा दिवस आधी मुख्य चित्र, मग रोज तीन-चार स्टॉल, आणि गुरुवारी रात्री व शनिवारी रात्री जोर. शनिवारचं चित्र हॉलमध्येच काढलेलं हवं, भरलेल्या स्टॉलचं, आणि मजकूर एकच: उद्या शेवटचा दिवस.

हॉलवर पोचलेल्या माणसालाही सांभाळावं लागतं. रंगभवन चौकात उतरल्यावर पहिला बाण दिसला पाहिजे, मग प्रत्येक वळणावर एक. सनबोर्डचे (फोमच्या हलक्या पुठ्ठ्याचे), तोच हात, मोठा बाण. दारात तीन बाय सहा फुटांचा एकच स्टँडी, म्हणजे उभा फलक. आत प्रत्येक स्टॉलवर एकसारखी पाटी आणि मालावर किंमत लिहिलेली चिठ्ठी, कारण किंमत विचारायला लाजून पुढे जाणारं गिऱ्हाईक खूप असतं. पिशव्या मात्र दिलदारपणे करा. चादरीच्या कारखान्यातून निघणाऱ्या कापडाच्या तुकड्यांच्या, बचत गटातच शिवलेल्या, त्यावर स्क्रीन प्रिंटनं प्रदर्शनाचं नाव आणि ‘दरवर्षी दिवाळीआधी’ एवढंच. साल घालू नका. ती पिशवी पुढचं वर्षभर मंडईत फिरते.

दारात वही घेऊन एक मुलगी बसवा. नाव-नंबर नको, तेवढ्यानं रांग लागते. फक्त एक प्रश्न: कुठं पाहिलंत? डिजिटल, पेपरातलं पत्रक, रिक्षा, मोबाइल, बातमी, असे रकाने आणि त्यात रेघा. पत्रकं दोन भागांत वाटणार असाल तर एका भागाच्या पत्रकाची पट्टी निळी, दुसऱ्याची मरून ठेवा आणि पत्रक दाखवणाऱ्याला चटणीचं छोटं पाकीट द्या. किती निळी आली आणि किती मरून, हे मोजलं की पुढच्या वर्षी कुठल्या भागात पत्रकं टाकायची याचा वाद बैठकीत होत नाही.

साठ हजारांची वाटणी मी अशी करीन: फोटो आणि डिझाइन मिळून साधारण तिसरा हिस्सा, फलक आणि त्यांची परवानगी-बांधणी मिळून चौथा हिस्सा, पत्रकं-पोस्टर आणि पेपरातून टाकणावळ पाचवा. उरलेल्यात रिक्षा, पिशव्या, बाण. छपाईचे दर दोन-तीन ठिकाणी विचारा, चौरस फुटाला फरक बराच असतो, आणि बांधणी-उतरवणी त्यात धरली आहे का हे लिहून घ्या.

डिझाइनरला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी एक अट घाला: काम संपल्यावर छपाईची पीडीएफ तर हवीच, पण सगळ्या साच्यांच्या ओपन (बदलता येणाऱ्या) फाइल, वापरलेल्या फॉन्टची नावं आणि मूळ फोटो समितीच्या पेनड्राइव्हवर हवेत. प्रेसला जाणारी फाइल कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकलेली असते, तिच्यात पुढच्या वर्षी तारीखसुद्धा बदलता येत नाही. पुष्कळ समित्या दरवर्षी त्याच कामाचे नव्यानं पैसे मोजतात ते यामुळेच. बैठक कधी आहे ते कळवा, फोटोच्या दिवसासाठी खिडक्यांचा हॉल किंवा कारखाना बघून ठेवायला आठवडाभर तरी लागेल.